नाच-गाणं आणि सेवेसाठी सहा महिने परदेशी जायचं म्हणते लेक. कुणाला अनुभव आहे का?

रंकाळाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझी लेक वीस वर्षांची. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तीन वर्षं लोकनृत्याच्या संघात आहे, कॉलेजच्या एनएसएसमध्येही आहे. परीक्षा झाली की सहा महिने एका परदेशी संस्थेच्या ताफ्याबरोबर फिरायचं म्हणते. वेगवेगळ्या देशांतली विशी-पंचविशीतली मुलं-मुली एकत्र येतात. आठवडाभर एका गावात मुक्काम, तोही हॉटेलात नाही, तिथल्या कुणाच्या तरी घरी. दिवसा त्या गावात पडेल ते काम करायचं. शाळेला रंग द्यायचा, वृद्धाश्रमात जायचं, झाडं लावायची. शेवटी सगळ्यांनी मिळून नाच-गाण्याचा मोठा कार्यक्रम. मग बॅगा भरून पुढचं गाव.

मिस्टरांचं म्हणणं असं की कलाकाराला बिदागी मिळते, इथं आपणच फी भरायची, हे कसलं? आणि फी लाखांत आहे. सासूबाईंची काळजी वेगळी. तरणी पोर दर आठवड्याला नव्या परक्या घरात झोपणार. मला त्या दोघांचंही पटतं आणि लेकीचंही.

२०१९ च्या पुरात आमच्याकडे चिखलीची दोन कुटुंबं नऊ दिवस राहिली होती. ओळख ना पाळख. लेक तेव्हा चौदाची. परवा घरात वाद झाला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, त्या काकू आपल्या घरी पहिल्या रात्री झोपल्या असतील का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

असं कुणी जाऊन आलंय का? खरं काय ते लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

---

गंगावेस | सोमवार, रात्री १०.५०

ताई, काळजी करताय ते योग्यच आहे. पहिली गोष्ट, संस्था खरी आहे का ते बघा. कलापथकाच्या नावाखाली माणसं परदेशी न्यायची आणि तिकडं सोडून द्यायची, हा धंदा आपल्या देशात बरीच वर्षं चाललाय. कबुतरबाजी म्हणतात त्याला. पथकात पंधरा जण, त्यातले चार खरे वाजवणारे, बाकीचे कधी हलगी हातात न धरलेले. त्यामुळं खऱ्या कलाकारांचेही व्हिसा नाकारले जातात. मधे एजंट असेल, तो रोख मागत असेल, पासपोर्ट स्वतःकडं ठेवतो म्हणत असेल, तर तिथंच थांबा. संस्थेशी थेट पत्रव्यवहार करा आणि आधी जाऊन आलेल्या दोन मुलींशी तुम्ही स्वतः बोला. लेकीला बोलायला लावू नका. आईला जे विचारायचं असतं ते वेगळं असतं.

---

पेटीवाली | मंगळवार, सकाळी ७.०५

रंकाळाकाठताई, मी गेले होते. तेव्हा तेवीस वर्षांची होते. ताफ्यात गायला आणि पेटी वाजवायला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढं एक तक्रारही सांगणार आहे.

आठवडा कसा जातो ते सांगते, म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. प्रवासाच्या दिवशी संध्याकाळी बस एखाद्या शाळेच्या हॉलपाशी थांबते. आत तिथली कुटुंबं खुर्च्यांवर बसलेली असतात. एकेक नाव पुकारतात, आपण बॅग घेऊन उभं राहायचं आणि समोरून कुणीतरी उठून आपल्याकडं येतं. ती दहा पावलं मला अजून आठवतात. नोकरीच्या मुलाखतीला नाही, लग्न ठरवताना नाही, इतकी छाती कधी धडधडली नाही. पुढचे दोन-तीन दिवस गावात काम, एक दिवस तालीम, मग कार्यक्रम, एक दिवस त्या घरच्या माणसांबरोबर. तो संपला की पुन्हा बस.

पहिलं काम होतं गरजूंना अन्न वाटणाऱ्या एका गोदामात. लोकांनी दिलेले बंद डबे तपासायचे. तारीख उलटलेली आहे का, डबा फुगलाय का, कडेला गंज आलाय का. चार तास उभं राहून एवढंच. गोदाम थंडगार, बोटं आखडलेली. मी मनात म्हणत होते, मी इथं गायला आले ना? शेजारी एक तिथल्याच गावच्या आजी उभ्या होत्या. दर गुरुवारी येतात, अकरा वर्षं. त्या एकही डबा न बघता पुढं ढकलत नव्हत्या. शनिवारी कार्यक्रमाला त्या पहिल्या रांगेत आल्या होत्या. मी एक अभंग म्हणत असे, आधी दोन वाक्यांत अर्थ सांगून. त्या दिवशी मी तो त्यांच्याकडं बघून म्हटला. तोवर तालमीत सतरा-अठरा वेळा म्हटला होता, पण कुणासाठी म्हणतेय हे पहिल्यांदा ठाऊक होतं. फी कशाची दिली असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते. रंगमंच आपल्याकडेही मिळतो.

खाण्याचं: मी शाकाहारी. फॉर्ममध्ये तसं ठळक लिहिलं होतं, तरी एका घरी माशाचं सूप पुढं आलं, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. तोंड वाकडं न करता सांगायला शिकले. बेसन बहुतेक ठिकाणी मिळतं, मी पिठलं करायची. एकदा मिरचीची फोडणी दिली आणि घरातला धुराचा भोंगा वाजायला लागला. घरमालक धावत खाली आले, सगळी दारं-खिडक्या उघडली, आणि त्या बर्फाच्या थंडीत आम्ही पाच जण ओट्याभोवती उभं राहून पिठलं खाल्लं. लेकीला कांदा-लसूण चटणी द्या, पण डब्यावर डबा, त्यावर पिशवी असं बांधून द्या.

आता तक्रार. मला शिष्यवृत्ती मिळेल असं तोंडी सांगितलं होतं. निम्मी मिळाली. उरलेले पैसे भरा असं सांगणारा मेल दौऱ्याच्या तिसऱ्या महिन्यात आला. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं, ते दोन वर्षं फेडलं. तेव्हा फी किती, त्यात काय धरलंय, काय नाही, मधेच परत यावं लागलं तर किती परत मिळतील, हे सगळं लिहून घ्या. घरापासून पहिल्या गावापर्यंतचं विमानभाडं, व्हिसा, विमा, हातखर्च हे बहुधा फीच्या बाहेर असतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

---

रंकाळाकाठ | मंगळवार, दुपारी १.३०

पेटीवालीताई, हे वाचून मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून रडले. मनापासून आभार.

एक विचारते, सासूबाईंसाठी. त्या घरांची चौकशी कोण करतं? आणि एकटी मुलगी पाठवतात का?

---

पेटीवाली | मंगळवार, रात्री ९.२०

आमच्याकडं शक्यतो दोघींना एकत्र ठेवायचे. ताफ्याच्या पुढं एक-दोन माणसं आठवडाभर आधीच त्या गावात जातात, घरं बघतात, घरच्या मंडळींशी बोलतात. पण देशागणिक आणि संस्थेगणिक यात फरक असतो, म्हणून विचारा. पोलीस पडताळणीसारखं काही करता का? रात्री दोन वाजता फोन केला तर उचलणारं माणूस कोण, त्याचा नंबर काय? आणि मुलीला एक पक्कं सांगा. घर नकोसं वाटलं तर कारण न देता बदलून मागायचा हक्क तिला आहे. मी एकदा मागितलं होतं. कुणी वाईट वागलं नव्हतं, फक्त त्या घरात कुलूप न लागणारी खोली होती आणि मला झोप लागत नव्हती. तासाभरात बदलून मिळालं. मागायला मात्र मला दोन रात्री लागल्या.

---

जुनी_पानं | बुधवार, सकाळी ११.००

या प्रकाराचा उगम थोडा सांगतो, कारण त्याचा एक धागा आपल्या पाचगणीला येऊन मिळतो.

अशा ताफ्यांमधला सगळ्यात नावाजलेला म्हणजे अमेरिकेतला 'अप विथ पीपल'. सुरुवात १९६५ सालची. तो निघाला मॉरल री-आर्मामेंट नावाच्या चळवळीतून. फ्रँक बुकमन यांची ही चळवळ, माणूस आधी स्वतः बदलला तर समाज बदलेल असं मानणारी. पुढं ताफा चळवळीपासून वेगळा झाला, स्वतंत्र संस्था झाली. त्यांचा कार्यक्रम अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलच्या मध्यंतरात चार वेळा झाला, १९७६, १९८०, १९८२ आणि १९८६ साली. चीन आणि सोव्हिएत रशिया तिथं जाणं अवघड होतं तेव्हाच ही पोरं जाऊन आली. टीकाही झाली. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा पैसा, सदा हसतमुख चेहरे, अडचणीच्या प्रश्नांवर मौन, असा आक्षेप होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. २००० साली पैशाअभावी काम थांबलं, काही वर्षांनी पुन्हा सुरू झालं. वीस हजारांहून जास्त तरुण त्यातून गेलेत. आज अशा प्रकारे चालणाऱ्या बऱ्याच कार्यक्रमांची घडण, म्हणजे घरोघरी मुक्काम, दिवसा सेवा, रात्री प्रयोग, त्यांनी बसवलेली आहे.

भारतात त्याच चळवळीचं काम राजमोहन गांधी यांनी, महात्माजींच्या नातवानं, पुढं नेलं आणि १९६८ मध्ये पाचगणीला एशिया प्लॅटो उभं राहिलं. आता चळवळीचं नाव इनिशिएटिव्हज ऑफ चेंज आहे. कोल्हापूरहून गाडीनं काही तासांवर. ताईंच्या लेकीनं एखाद्या शिबिराला तिथं जाऊन यावं. अनोळखी माणसांबरोबर ताट-वाटी घासत राहणं जमतं का, हे घरापासून फार लांब न जाता कळेल.

आणि सासूबाईंना एक आठवण करून द्या. वार लावून जेवणारी मुलं त्यांनी पाहिली नसली तरी ऐकली नक्की असतील. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. परक्याचं पोर आपल्या पंगतीला बसवायची रीत आपल्याला नवी नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी इतकी बोर्डिंगं काढली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. नाटकमंडळ्या तर महिनोन्महिने बिऱ्हाड घेऊन फिरायच्या. केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श काढली १९०८ साली, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. तुमच्या लेकीपेक्षा लहान.

---

हलगी_घुमकं | बुधवार, रात्री ११.४०

नमस्कार. मी शिकलेला कमी हाय, लिवन्यात चूक भूल द्यावी घ्यावी. पन आमी लेझीम पथक घेऊन युरोपात दोनदा जाऊन आलोय, म्हनून सांगतो.

ताईंचं मिस्टर म्हनत्यात ते पैशाचं, त्याला दुसरा रस्ता हाय. तिकडं उन्हाळ्यात गावोगाव लोककलेचं महोत्सव असत्यात. सिऑफ म्हनून जगाची संघटना हाय १९७० पासनं, तिच्या नावानं लई महोत्सव चालत्यात. बोलावलं तर ऱ्हायचं, खायचं, गावातलं फिरायचं त्यांच्याकडं. विमानाचं भाडं आपलं. फी बी नाही, मानधन बी नाही. फकस्त वाजाप जित्तं पायजे, पेनड्राइव्ह लावून नाचायचं चालत न्हाई. म्हनून हलगीवाला, घुमकंवाला, कैताळवाला संगं न्यावा लागतोय, आनि तिथंच आमची सोय झाली.

आता हलगीची गोष्ट. हलगी तापवायला जाळ लागतोय. कातडं सैल पडलं की आवाज बद्द. पयल्या गावात पाऊस, गारठा, हलगीतनं आवाज निघंना. इथं आमी कागद, पालापाचोळा पेटवून दोन मिंटात तापवतो. तिथं हॉलात काडी वढायची बंदी. भाईर पाऊस. मिरवनूक निघायला अर्धा तास. माजा जीव रडकुंडीला आला. आमच्यावर देखरेख करायला एक शिक्षिका बाई दिल्याली, तिला हातवारं करून दावलं, कातडं गरम पायजे. ती पळत घरी गेली आनि केस वाळवायचं मशीन घेऊन आली. तिनं हलगी आडवी धरली, मी बोटानं टिचक्या मारून बघतोय, ती मशीन फिरवतीय, कडंनं आत, कडंनं आत. एका ठिकानी जास्त धरलं तर कातडं फाटतंय, ते तिला सांगायला मला भाषा न्हवती, पन तिच्या हाताला कळलं. दहा मिंटात टन्न वाजली. ती बाई आमच्यासंगं सगळी मिरवनूक चालली, मशीन पिशवीत घालून.

दुसऱ्या दिशी वृद्धाश्रमात नेलं. कार्यक्रम झाला, आमी निघालो, तर खुर्चीवरल्या एका म्हाताऱ्यानं माज्या हातातली लेझीम धरली. सोडंना. मी म्हनलं ऱ्हाऊदे. त्यानं मांडीवर ठिवून हळूहळू वाजवली, खन्न, मग थांबायचा, मग खन्न. तिथल्या नर्सनं सांगितलं हा मानूस कुनाशी बोलत न्हाई. मी लेझीम तिथंच ठिवून आलो.

ताई, पोरीला जाऊ द्या. पन तिला आपलं वाजाप येतंय का ते बघा. नुसतं नाचता येऊन भागत न्हाई.

---

व्हिसाच्या_रांगेत | गुरुवार, सकाळी ९.१०

हलगीवाल्या काकांना नमस्कार, वाचून अंगावर काटा आला.

कागदपत्रांचं लिहितो, मी याच कामात आहे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे सेवा करायला जाताना फिरायला जातोय असं लिहिणं. पगार नाही म्हणजे काम नाही, असं प्रत्येक देश मानत नाही. ब्रिटनचा साधा व्हिजिटर व्हिसा घेतला तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा चालते. अमेरिकेत संस्था कोणत्या प्रकारात बोलावते त्यावर ठरतं. आदानप्रदानाचा कार्यक्रम असेल तर जे-१, त्यासाठी संस्थेकडून डीएस-२०१९ हा फॉर्म यावा लागतो. लोककलेच्या पथकांसाठी पी-३ असा वेगळा प्रकार आहे. संस्थेनं 'टुरिस्टवर या, कुणी विचारत नाही' असं सांगितलं तर ती संस्था सोडा. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत बीकेसीला होते.

युरोपातल्या शेंगेन देशांत, म्हणजे जिथं एकाच व्हिसावर फिरता येतं तिथं, कमी मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सहा महिन्यांचा दौरा सगळा तिकडंच असेल तर हा हिशेब संस्थेनं कसा बसवलाय ते विचारा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, प्रौढांची व्हिसा फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्याची वाट बघू नका.

वाद्यं, पोशाख जास्त असतील तर एटीए कार्ने करून घ्या, आपल्याकडं फिक्की ही उद्योगांची संघटना देते. त्यानं सामान परत आणणार आहोत हे सिद्ध होतं आणि तिकडं जकात भरावी लागत नाही. कातड्याचं वाद्य ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला नेणार असाल तर उतरल्यावर स्वतःहून दाखवा. लपवलं आणि सापडलं तर वाद्यही जातं आणि दंडही बसतो. माझ्याकडं आलेल्या एका मुलाची ढोलकी अशीच गेली. त्याच्या आजोबांची होती.

---

शिरोळची_माती | गुरुवार, रात्री १०.३०

मी वेगळ्या बाजूनं लिहितो. मी सेवा घेणाऱ्यांतला आहे.

२०१९ ला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. आम्ही एका हायस्कुलात होतो, एका वर्गात सहा कुटुंबं. पाणी उतरल्यावर मदत आली, खूप आली, महाराष्ट्र धावून आला हे मी कधी विसरणार नाही. पण जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजले, कारण कुणी विचारलंच नव्हतं की कपडे हवेत का. काही गट बॅनर घेऊन आले, आमच्या बायकांना रांगेत उभं करून फोटो काढले आणि दुपारच्या आत गेले. माझ्या आईनं त्या फोटोत पदर तोंडावर घेतलाय.

आणि एक गट आला कॉलेजच्या पोरापोरींचा. आल्या आल्या ग्रामसेवकाला विचारलं, काय करू? त्यांना शाळेतला गाळ काढायला सांगितला. गुडघाभर गाळ, त्यात मेलेले उंदीर, वास. चार दिवस फावडी-घमेली घेऊन तेवढंच केलं. नंतर टीसीएल, म्हणजे जंतुनाशक पावडर, टाकून फरशा घासल्या. त्यातल्या दोन मुलींना आमच्या घरातली पत्र्याची पेटी सापडली. आत रेशनकार्ड, सातबारा, माझी दहावीची गुणपत्रिका, सगळ्याचा एक लगदा. त्यांनी तो पानापानानं सोडवला, नखानं, इतक्या हळू की मी बघताना श्वास धरला होता. अंगणात दोरी बांधली, कपड्यांचे चिमटे लावून एकेक कागद वाळत घातला. गुणपत्रिकेवरचा शिक्का अजून दिसतो.

त्याच पोरी रात्री आमच्याबरोबर हायस्कुलात जेवायच्या. आमच्यातल्या एकाचा मृदंग वाचला होता. एका रात्री भजन लागलं, पोरींनी टाळ धरला. महिनाभरात पहिल्यांदा वर्गातली लहान पोरं हसली. आधी गाळ काढला होता म्हणून ते गाणं आम्हाला आपलं वाटलं. कुणी नुसतं मनोरंजन करायला आलं असतं तर आम्ही उठून गेलो असतो.

तेव्हा ताई, तुमच्या लेकीनं त्या संस्थेला एकच विचारावं. गावात काय काम करायचं ते कोण ठरवतं, तुम्ही की गाव? एकाच आठवड्यात येऊन अनाथाश्रमातल्या पोरांना जीव लावून निघून जाणं, यानं पोरांचं भलं होत नाही. पहिली पोरं गेली, दुसरी आली, तीही गेली. असलं काम असेल तर तिनं नाही म्हणावं. रंग द्यावा, खड्डे काढावेत, डबे तपासावेत.

---

सीमाभागातून | शुक्रवार, दुपारी ३.००

शिरोळकर दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

कमी खर्चाचा आणखी एक मार्ग आहे, श्रमशिबिरं. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था १९२० ची, पिएर सेरेसोल या स्विस माणसानं काढलेली. १९३४ च्या भूकंपानंतर ते स्वतः बिहारला आले आणि गावं पुन्हा उभी करायला राबले. त्यांच्या शिबिरांत दोन-तीन आठवडे काम करायचं, राहणं-जेवण शिबिरात. मी निपाणीचा, एकदाच गेलो, नदीकाठची जुनी पायवाट बांधायला. रात्री प्रत्येक देशाच्या मुलांनी काहीतरी सादर करायचं. मला काहीच येत नव्हतं. शेवटी शाळेतली प्रार्थना म्हटली. तेव्हा वाटलं, आजोबांनी पोवाडे शिकवायचा किती प्रयत्न केला होता.

---

रंकाळाकाठ | शुक्रवार, रात्री ११.०५

मी ताईंची मुलगी. आईच्या खात्यावरून लिहितोय. (पोरगीच आहे, कोल्हापुरात आम्ही असंच बोलतो.) सगळा धागा वाचला.

मला का जायचंय ते घरी नीट सांगता आलं नाही, इथं प्रयत्न करतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मी तिथं जाऊन उभा राहिलो होतो. शाळेच्या गॅदरिंगला मी पहिल्यांदा त्याच रंगमंचावर नाचलो. शेजारी माणसं उभी होती, कुणी बोलत नव्हतं. एका आजोबांनी माझा हात धरला होता. ते कोण हे मला अजून माहीत नाही. तेव्हापासून मला असं वाटतं की जागा आणि माणसं यांच्यामधे कलाकार काहीतरी असतो, आणि ते काय हे मला स्पर्धेत नंबर काढून कळणार नाही. आमचं युवा महोत्सवात ठरलेलं असतं. आठ मिनिटं, परीक्षक, निकाल, घरी. नाच झाल्यावर ज्यांच्यासमोर नाचलो त्यांच्याबरोबर जेवलोय असं एकदाही झालं नाही.

हलगीवाले काका, तुम्ही लिहिलं ते मला लागलं. मला लेझीम येते, चार आवाज, आदी लगाव, पवित्रा, दो रुख, आगे फलांग, सगळं येतं. हलगी येत नाही. आमच्या संघात वाजवणारे दरवर्षी बाहेरून बोलावतात. मी कधी हलगी हातात घेतलेली नाही, आणि कुणी घे म्हणालंही नाही.

शिरोळचे दादा, कामं कोण ठरवतं हे मी संस्थेला मेल करून विचारलं. उत्तर आलं की इथं टाकतो.

---

गंगावेस | शनिवार, सकाळी ८.१५

पोरी, शाब्बास. उत्तर आलं की नक्की टाक, आम्ही सगळे वाचू. आणि रंकाळाकाठताई, ही बाहेरची मुलं जगभर घरोघरी राहतात, मग आपल्याकडं का येऊ नयेत? माझं घर जुनं आहे, वरची खोली रिकामी आहे, खाली म्हशीचं दूध. असा एखादा ताफा कोल्हापुरात येणार असेल तर दोन मुलांची सोय माझ्याकडं धरा. मी लिहून देतो.

---

पेटीवाली | शनिवार, सकाळी ८.४०

दोघी माझ्याकडं.

---

शिरोळची_माती | शनिवार, सकाळी ९.००

आमच्याकडं चार. आता दुमजली बांधलंय.

---

रंकाळाकाठ | पुढच्या बुधवारी, रात्री ९.५०

आई लिहितेय. संस्थेचं उत्तर आलं. गावातली कामं तिथली नगरपालिका आणि स्थानिक संस्था आधी ठरवून देतात, लहान मुलांच्या आश्रमात फक्त कार्यक्रम होतो, मुक्कामी काम नाही. फीमध्ये काय आहे आणि काय नाही ते पानभर लिहून मागवलं, तेही आलं. आधी जाऊन आलेल्या दोन मुलींशी मी बोलले, एक नागालँडची, एक मेक्सिकोची. दुसरीशी लेकीनं मधे बसून बोलून दिलं. मी तिला विचारलं, पहिल्या रात्री झोपलीस का? नाही म्हणाली. दुसऱ्या रात्री झोपले म्हणाली.

मिस्टरांनी काल धागा पहिल्यापासून वाचला. काही बोलले नाहीत. आज सकाळी लेकीला म्हणाले, या वर्षी नाही. वर्षभर नोकरी कर, निम्मे पैसे तू जमव, निम्मे मी घालतो, आणि जायच्या आधी वाजवायला शीक. तिनं मान्य केलं. सासूबाईंनी पिठल्याचं प्रमाण लिहून ठेवलंय.

हलगीवाले दादा, तुम्ही शिकवाल का? तिला कुणी शिकवणारी बाई मिळेना, आणि पुरुष शिकवतात ते मुलीला कशाला म्हणतात.

---

हलगी_घुमकं | बुधवार, रात्री १०.१०

रविवारी सकाळी सात वाजता पंचगंगेच्या घाटावर या. तुमी बी या, मिस्टरांना बी आना. हलगी मी आनतो. पोरीला म्हनावं नखं काप, आनि घरातनं जुनी वर्तमानपत्रं घिऊन ये. पयल्या दिशी वाजवायचं न्हाई, फकस्त तापवायला शिकायचं.